फातोर्ड्याच्या पायऱ्या आणि पाहुण्यांचा कोपरा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

24 एप्रिलच्या रात्री फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर एफसी गोवा आणि मुंबई सिटी यांचा फुटबॉल सामना संपल्यानंतर एका मुलाने माझा दंड धरून मला पायऱ्यांवरून खाली उतरवले. तो गोव्याच्या नारिंगी जर्सीत होता, मी मुंबईच्या निळ्या. दहा मिनिटांपूर्वी त्याच्या संघाच्या हातातला सामना निसटला होता आणि मी कोणत्या बाजूचा ते माझ्या अंगावर दिसतच होते. त्याचे नाव विचारायचे राहून गेले. तो किंवा त्याच्या घरातले कोणी आपले वर्तमानपत्र वाचत असेल, म्हणून हे पत्र लिहितो आहे. 7 मेचे मतदान आटोपले आहे, तेव्हा निवडणुकीच्या बातम्यांतून थोडी जागा मोकळी झाली असेल असे धरून चालतो. माझे एक मागणेही आहे, ते ओघाने येईल.

मी मूळचा मडकईचा. 1984 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी मुंबईला गेलो, गोदीत टॅली क्लार्क म्हणून लागलो आणि 2021 साली निवृत्त झालो. जहाजातून उतरणारी पोती, पेट्या, गासड्या मोजायच्या आणि वहीत रेघा मारायच्या, हे माझे काम. मोजायची सवय अजून सुटलेली नाही. फातोर्ड्याच्या पाहुण्यांच्या कोपऱ्यात त्या रात्री आम्ही निळे किती होतो तेही मी मोजले. 53. त्यात साठीपुढचा मी एकटा.

मडकईचा माणूस मुंबईच्या बाजूने कसा, असा प्रश्न कोणालाही पडेल. माझ्या भावाला तर तो दर चतुर्थीला पडतो. त्याचे उत्तर माझा नातू आहे, मुलीचा मुलगा, वय वर्षे 13. तो मुंबईत जन्मला, अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीचे सामने बघत वाढला. मला तिथे पहिल्यांदा घेऊन गेला तोच. माझी निवृत्ती झाली तेव्हा सगळे घरात कोंडलेले होते. ते दिवस सरल्यावर आम्हा दोघांनी एकत्र करायची गोष्ट म्हणून फुटबॉल उरला. त्याने ज्या रंगाची जर्सी दिली ती मी घातली. एकदा घातल्यावर ती मनापासूनच घातली.

पण परगावच्या मैदानावर आपल्या संघासाठी ओरडायची सवय मला त्याच्याही आधीपासून आहे. मुंबईत गेल्या गेल्या मी ठाकूरद्वारला एका खोलीत पाच जणांत राहत होतो. रोव्हर्स कपात गोव्याचे संघ कूपरेजवर यायचे, तेव्हा पाळी बदलून घेऊन मी जायचो. धोबीतलावच्या कुडांतून, म्हणजे गोवेकरांच्या गावोगावच्या वसतिगृहांतून, तारवटी मंडळी यायची, जहाजावरून उतरलेली, पुढच्या जहाजाची वाट बघणारी. त्यांच्या घोळक्यात मी बसायचो. डेंपो असो की साळगावकर, मुंबईत आल्यावर तो आमचा गोवाच असायचा. ब्रह्मानंद शंखवाळकर आमच्या पिढीचा देव. 1984 साली त्याच्या नेतृत्वाखाली गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली ती एकही गोल न खाता. ते मी नातवाला इतक्या वेळा सांगितले आहे की आता वाक्य मी सुरू करतो आणि पुरे तो करतो. कूपरेजवर आम्ही मोजके असायचो आणि चहूकडून मुंबईकर. कोणी चिडवायचे, कोणी शेंगदाण्यांची पुडी पुढे करायचे. सामना संपला की चर्चगेटपर्यंत सगळे एकाच रस्त्याने चालत जायचे. ही सवय मनात घेऊनच मी फातोर्ड्याला आलो.

आता त्या मैदानाविषयी. 1989 साली नेहरू चषकासाठी ते उभे राहिले. गोवा घटक राज्य होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. मी दहा दिवसांची रजा काढून आलो होतो आणि बाबांना घेऊन एक सामना बघितला होता. तो चषक शेवटी हंगेरीने नेला, पण माझ्या लक्षात राहिले आहेत ते बाबा. ते जागेवर बसले नाहीत. आधी वाकून सिमेंटच्या पायरीवर तळहात फिरवला, गुरांच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि म्हणाले, “पन्नास वर्सां कांय जावचें ना हाका.” मग टॉवेल अंथरून बसले. पुढच्या वर्षी गोव्याने मडगावलाच संतोष ट्रॉफी जिंकली. तेव्हा मी मुंबईत होतो. बाबांचे अंतर्देशीय पत्र आले, त्यात घरची एक ओळ आणि बाकी सगळी संतोष ट्रॉफी. ते पत्र माझ्याकडे आहे.

त्यांनी सांगितलेल्या पन्नास वर्षांतली पस्तीस झाली.

यंदा इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत गोवा आणि मुंबई समोरासमोर आले आणि पहिला सामना फातोर्ड्याला ठरला. नातवाला सुट्टी लागलेली होती. कोकणकन्येने हनुमान जयंतीच्या दिवशी सकाळी मडगावला उतरलो. गाडीत त्याला झोप येईना, म्हणून मी त्याला शिवोलीची गोष्ट सांगितली. 1883 साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रीने तिथे पहिल्यांदा हा खेळ आणला आणि तिथून तो गावोगाव पसरला. आमच्या लहानपणी भात कापून झाले की शेतांतच मैदान व्हायचे, पायाला खुंट टोचायचे, चेंडू बांधावरून पाण्यात जायचा. “आजोबा, म्हणजे गोव्यात फुटबॉल मुंबईपेक्षा जुना?” असे त्याने विचारले. मी म्हटले, ते माहीत नाही, पण गोव्यात तो घरातला आहे.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, माझा पुतण्या आम्हाला त्याच्या गाडीतून घेऊन गेला. तो गोव्याचा कट्टर. 2015 साली गोव्याने मुंबईला याच मैदानावर 7–0 असे हरवले होते, त्यामुळे नातवाला तो प्रेमाने ‘सात’ म्हणूनच हाक मारतो. दरवाजापाशी त्याने आम्हाला सोडले आणि स्वतः नारिंगी गर्दीत गेला. तपासणीला उभ्या असलेल्या पोलिसाने माझ्या खिशातल्या मधुमेहाच्या गोळ्या बघितल्या, बिस्किटाचा पुडा बघितला आणि दोन्ही परत माझ्या खिशात ठेवले. “जेवून घ्या हां वेळेवर,” असेही म्हणाला. हे मुद्दाम लिहितो, कारण पाहुण्या समर्थकाची आठवण दरवाजापासून सुरू होते.

एका दुसऱ्या राज्यात, एका मैदानावर, गेल्या वर्षी आम्हाला काय अनुभव आला ते सांगतो. मैदानाचे नाव घेत नाही. आत सोडण्याआधी आमच्या पोरांना जर्सी उलट्या करून घालायला लावल्या. माझ्या नातवाला रस्त्यावर, लोकांदेखत, शर्ट काढावा लागला. सामना संपल्यावर एका जाळीच्या दारामागे आम्हाला तासभर उभे केले, कशासाठी ते कोणी सांगेना, आणि माझी गोळी घ्यायची वेळ टळून गेली. तिथून येताना नातू गाडीत एक शब्द बोलला नाही. नंतर म्हणाला, “आजोबा, आपण दुसऱ्यांच्या मैदानावर जायचंच नाही.” त्यानंतरचे आमचे पहिले परके मैदान म्हणजे फातोर्डा, आणि त्याला तिथे यायला राजी करायला मला आठ दिवस लागले.

आत गेल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल तर वाकून खुर्चीखाली बघितले. वरती आता छप्पर आहे. 2014 च्या लुसोफोनिया खेळांसाठी (पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांची स्पर्धा) आणि पुढे 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी मैदानाची मोठी डागडुजी झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पण खुर्चीखाली तीच पायरी आहे. बाबांनी तळहात फिरवला होता ती. नेमकी तीच जागा नसेल, पण सिमेंट तेच. मी हात लावून बघितला, तर नातवाला वाटले माझे काही पडले, आणि तो खाली वाकून शोधायला लागला.

सामन्याबद्दल थोडे लिहितो, कारण ज्यांनी तो बघितला ते विसरणार नाहीत. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोव्याचा पहिला गोल केला. उत्तरार्धात ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. त्या दुसऱ्या गोलाला माझ्या पायाखालचे सिमेंट थरथरले ते मला तळव्यांना जाणवले. समोर ईस्ट लोअर आर्मीची, म्हणजे गोव्याच्या समर्थकांच्या गटाची, पोरे उड्या मारत होती, ढोल चालले होते. आमचे वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले 2–0 झाल्यावरही गात राहिले, त्यांचे कौतुक आहे. नातू मात्र गप्प झाला. ऐंशीव्या मिनिटाला त्याने जर्सीच्या गळ्यात तोंड खुपसले. मी त्याला विचारले, जाऊ या का? तो नाही म्हणाला.

नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या छांगटेने एक गोल केला. एका मिनिटात विक्रम प्रताप सिंगने दुसरा. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. 2–3.

आमच्या कोपऱ्यात काय झाले ते सांगण्यासारखे नाही, आम्ही माणसांत नव्हतो. मला लिहायचे आहे ते बाकीच्या मैदानाविषयी. तिसऱ्या गोलानंतर जी शांतता पडली ती मी आयुष्यात दोनदाच ऐकली आहे. एकदा गोदीत क्रेनचा दोर तुटला होता तेव्हा, आणि ही. इतक्या हजारो माणसांच्या मधून पलीकडच्या पोलिसाच्या वॉकीटॉकीची खरखर मला स्पष्ट ऐकू आली. आणि माझ्या तोंडातला ‘गोल’ तसाच अडकला. समोर बसलेली सगळी माणसे माझी होती. त्यांतला एकेक चेहरा मला कुठल्या ना कुठल्या जत्रेत बघितल्यासारखा वाटला. खाली मुंडी घालून बसलेला माझा पुतण्याही त्यांत कुठेतरी होता. मी आनंदात होतो आणि मला रडू येत होते, दोन्ही खरे आहे.

सामना संपला. आम्हाला थोडे थांबवून मग सोडले. गर्दी उतरत होती आणि त्या उतरणाऱ्या लोंढ्यात नातू दोन पायऱ्या पुढे गेला. माझा उजवा गुडघा गोदीत निकामी झालेला आहे. त्या पायऱ्या तिशीतल्या माणसाच्या मांड्यांना बेतलेल्या, आणि तिशीत मी त्या दोन-दोन उतरलो होतो. या वेळी चौथ्या पायरीवर गुडघा वळला. हाताशी धरायला पुढच्या माणसाच्या खांद्याशिवाय काही नव्हते, आणि तो खांदाही पुढे सरकला. मी पडलोच असतो. तेवढ्यात बाजूने दंडाला हात लागला.

“मामा, सवकास देंवात.”

मी न कळत कोंकणीत बोलून गेलो, “देव बरें करूं.”

तो थबकला. माझी निळी जर्सी वरपासून खालपर्यंत बघितली. “तुमी हांगाचे?”

“मडकयचो.”

“मागीर निळें कित्याक?”

मी पुढे उभ्या असलेल्या नातवाकडे बोट दाखवले. नातू घाबरून आमच्याकडे बघत होता. नारिंगी जर्सीतल्या माणसाने आजोबांना धरले आहे एवढेच त्याला दिसत होते, आणि मागच्या वर्षीचे त्याच्या मनातून गेलेले नव्हते. त्या मुलाचे डोळे लाल होते, आवाज बसलेला होता. त्याने मला एकेक पायरी उतरवली, मी मोजल्या, 22. खाली आल्यावर नातवाच्या डोक्यावर हात ठेवून शुद्ध मराठीत म्हणाला, “चांगले खेळले तुमचे.” आपल्या हातातली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि वर गेला. त्याचे मित्र अजून वरती बसलेले होते, उठायला तयार नव्हते.

घरी जाताना पुतण्या बोरीचा पूल येईपर्यंत बोलला नाही. पुलावर म्हणाला, “काका, 2015 लासुद्धा मी तिथेच होतो.” 20 डिसेंबर 2015, अंतिम सामना, चेन्नईयिनविरुद्ध. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा 2–1 असा पुढे होता. मग बरोबरीचा गोल झाला तो गोव्याचाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या नावावर स्वयंगोल म्हणून लागला, आणि पाठोपाठ तिसरा गोल होऊन चषक गेला. पुतण्या त्या वेळी कॉलेजात होता. मग त्यानेच पुढचे सांगितले. 2022 साली त्याच मैदानावर पुन्हा अंतिम सामना झाला, केरळ आणि हैदराबाद यांचा. केरळहून आलेल्या लोकांनी सगळे मैदान पिवळे करून टाकले होते. हैदराबादच्या जाळ्यासमोर उभा होता कट्टीमनी. पेनल्टींमध्ये त्याने तीन फटके अडवले आणि हैदराबादने चषक नेला. “तेव्हा मी त्याच्यासाठी ओरडलो काका. आपला संघ नव्हता तरी ओरडलो.” एवढे बोलून त्याने गाडी एका गाड्यापाशी थांबवली आणि आम्हा तिघांसाठी रस-आमलेट सांगितले. नातवाला त्या रात्री त्याने ‘सात’ म्हटले नाही.

हाच पुतण्या जेवताना म्हणाला की हे मैदान आता जुने झाले, पाडून बाहेर कुठे तरी मोठे नवे बांधायला पाहिजे. तरुण मंडळींत हे बोलणे मी बऱ्याचदा ऐकतो. माझे मत वेगळे आहे. फातोर्ड्याला मडगावच्या बसस्टँडवरून चालत जाता येते. गावाबाहेर डोंगरावर मैदान नेले तर गाडी असलेला जाईल, आणि म्हातारे, शाळकरी मुले, फोंड्याहून बसने येणारे घरी टीव्हीसमोर बसतील. शिवाय याच पायऱ्यांवर नेहरू चषक, 2015, 2021 आणि 2022 बसले आहेत. 2021 चा अंतिम सामना मुंबईने जिंकला तेव्हा महामारीमुळे प्रेक्षक आत नव्हते, म्हणजे या पायऱ्यांनी एक अंतिम सामना एकट्यानेही बघितला आहे.

मात्र जुने ठेवायचे तर ते सांभाळायला हवे, आणि याबाबत मला गोदीतले थोडे कळते. खाऱ्या हवेत सिमेंट बाहेरून धडधाकट दिसते. आतल्या सळीपर्यंत खार पोचला की सळी गंजते, गंज फुगतो आणि सिमेंटला आतून फोडतो. आधी केसाएवढी चीर दिसते, मग तपकिरी ओघळ येतो, मग एक दिवस तुकडा पडतो. धक्क्याच्या कडा अशा सुटलेल्या मी पुष्कळ बघितल्या. वरून नुसते प्लास्टर ओढले तर दोन पावसाळ्यांत ते सोडून येते. गंजलेली सळी उघडी करून, खरवडून, तिला लेप देऊन मगच भरावे लागते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी तुंबू न देणे, पायऱ्यांमधले सांधे बुजवणे, पन्हळी साफ करणे, ही कामे मृगाआधीची आहेत, घर शाकारण्यासारखी. फातोर्ड्याला काय चालले आहे यावर मी बोलत नाही, ते बघणारे जाणकार असतील. वास्कोचे टिळक मैदान असो, म्हापशाचे धुळेर असो, जिथे जिथे मैदान वयात आले आहे तिथे हे दरवर्षी व्हावे एवढेच सांगतो.

आणि माझे मागणे. जिथे कठडा नसेल तिथे पायऱ्यांच्या मधोमध एक लोखंडी दांडा बसवावा, कंबरेच्या उंचीचा, दोन्ही बाजूंनी धरता येईल असा. 1989 साली या पायऱ्यांवर पंचविशीतले जे होते ते आज साठीचे आहेत. मैदान म्हातारे झाले तसे त्याचे प्रेक्षकही झाले, आणि तेही गोव्याचेच आहेत. तळाच्या ओळींत दरवाजाजवळच्या काही खुर्च्या म्हाताऱ्यांसाठी ठेवाव्यात, आणि तशाच चार पाहुण्यांच्या कोपऱ्यातही. सामना संपल्यावर फोंडा, पणजी, वास्को या वाटांना एकेक बस सुटली तर पुतण्याची गाडी नसलेल्यांची सोय होईल. त्या रात्री मुंबईची चार-पाच पोरे पाठीवर पिशव्या घेऊन रेल्वे स्टेशनच्या दिशेने चालत निघालेली मी बघितली. सकाळच्या गाडीपर्यंत ती फलाटावर बसून राहणार होती.

पाहुण्यांचा कोपरा मात्र कोणत्याही कारणाने बंद होऊ देऊ नका. हल्ली काही ठिकाणी कटकट नको म्हणून परक्या समर्थकांना आतच घेऊ नये असा विचार ऐकू येतो. तसे झाले तर अंधेरीला गोव्याचे लोक येणार नाहीत, फातोर्ड्याला मुंबईचे येणार नाहीत, आणि माझ्या नातवाला गोवेकर म्हणजे काय ते फक्त जाळीच्या अलीकडून किंवा फोनवरच्या शिव्यांतून कळेल. त्याला ते एका पाण्याच्या बाटलीतून कळले. ती रिकामी बाटली त्याने मुंबईला आणली आहे, टेबलावर ठेवली आहे, आईने दोनदा टाकली तर दोनदा केराच्या डब्यातून काढली.

29 एप्रिलला परतीचा सामना अंधेरीला झाला. मुंबई 2–0 अशी जिंकली, आणि 4 मे रोजी कोलकात्यात अंतिम सामना जिंकून चषकही मुंबईने नेला. अंधेरीच्या सामन्याला मी तासभर आधी गेलो आणि गोव्याच्या लोकांच्या दरवाजाशी उभा राहिलो. हातात मडकईहून आणलेल्या मानकुरादची पिशवी होती, डझनभर, पुतण्याच्या दारच्या झाडाचे. नारिंगी जर्सीतला प्रत्येक माणूस मी निरखून बघितला. तो आला नव्हता, किंवा आला असेल आणि माझ्या डोळ्यांतून निसटला असेल. आंबे शेवटी कुडचड्याहून आलेल्या एका कुटुंबाला दिले. रात्रीच्या प्रवासात पिकून जातील म्हणून ती माऊली आधी नको म्हणत होती, मग घेतले.

त्या मुलाची खूण सांगतो. वय पंचवीस-सव्वीस. उंच, किंचित वाकून चालणारा. उजव्या मनगटाला काळा दोरा, डाव्या भुवईत टाके घातल्याची रेघ. आवाज त्या दिवशी बसलेला होता, म्हणून आवाजाची खूण सांगता येत नाही. पुढच्या हंगामात मुंबईचा सामना फातोर्ड्याला असेल त्या दिवशी मी आणि नातू त्याच दरवाजाशी, सामन्याच्या तासभर आधी, उभे असू. मी निळ्या जर्सीत असेन आणि हातात काठी असेल. मानकुरादचा मोसम नसेल, तर मी घरची काजूची बियां घेऊन येईन.

आपला,
एक जुना वाचक
(मूळचा मडकई, फोंडा, सध्या मुंबई)
10 मे 2024